ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचं ब्राउझिंग: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

नोकरीत रुजू झालं की आठवड्याभरात ऑफिसचा लॅपटॉप घरचा होऊन जातो. त्याच्यावर लाइट बिल भरलं जातं, सकाळी दहाच्या ठोक्याला एसीचं तत्काळ तिकीट काढायची धडपड होते, डबा खाताना मॅचचा स्कोअर बघितला जातो. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर कोणी हरकत घेत नाही. मी नेटवर्कच्या बाजूला काम करतो. नवी पोरं ओळख झाली की हळूच एकच गोष्ट विचारतात: "सर, तुम्हाला आमचं सगळं दिसतं का?"

खरं सांगायचं तर तुमची स्क्रीन बघत बसायला आमच्याकडे वेळ नसतो. नोंद मात्र आपोआप होत राहते आणि तशीच पडून असते. कोणाची तक्रार आली, डेटा बाहेर गेल्याचा संशय आला, राजीनाम्यावरून वाजलं, की ती नोंद उघडली जाते आणि कित्येक महिन्यांचं एकदम टेबलावर येतं. म्हणून आज कोणी बघतंय का याची काळजी करण्यापेक्षा, उद्या कोणी काढायला बसलं तर काय निघेल याचा विचार करून सवयी लावून घ्या.

सुरुवात: तीन प्रश्न

काहीही खासगी उघडण्याआधी स्वतःला विचारा: यंत्र कोणाचं? इंटरनेट कोणाचं? खातं कोणाचं? तिन्हींपैकी एक जरी उत्तर "ऑफिसचं" आलं, तरी ती गोष्ट ऑफिसला दिसू शकते असं धरून चाला.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती हॉटस्पॉटमुळे. ऑफिसचा लॅपटॉप स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडला की आपण सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. पण आजकाल बऱ्याच कंपन्या लॅपटॉपमध्येच वापराची नोंद ठेवणारं एक सॉफ्टवेअर टाकून देतात. ते तुम्ही हिंजवडीत असा, नाहीतर गावी आजोळच्या ओसरीवर, सारखंच काम करतं. इंटरनेट तुमचं असलं तरी यंत्र त्यांचंच आहे.

उलट बाजूने, फोन स्वतःचा पण वायफाय ऑफिसचं, तर कोणत्या साइटवर गेलात एवढं कळू शकतं. हल्लीचे फोन वायफायला जोडताना हार्डवेअरचा खरा पत्ता, म्हणजे ज्यावरून तो फोन ओळखता येतो तो नंबर, लपवतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ती सोय आहे. पण वायफायला जोडताना तुम्ही स्वतःचाच एम्प्लॉयी आयडी आणि पासवर्ड टाकला असेल, तर लपवण्यासारखं राहिलं काय?

नेटवर्कवर नक्की काय दिसतं

हल्ली जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर चालतात. याचा अर्थ, मध्ये बसलेल्याला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळतं, तिथे काय वाचलंत ते कळत नाही. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन वहीत "बी विंग, ३०४, संध्याकाळी ७.१०" एवढं लिहितो, घरात काय बोलणं झालं ते त्याच्या वहीत नसतं. साइटचं नाव दोन ठिकाणी उघडं पडतं. एकदा डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या फोनबुकला, पत्ता विचारताना, आणि दुसऱ्यांदा सुरक्षित जोडणी सुरू होते त्या क्षणी. पानाचा पूर्ण पत्ता, गूगलवर काय शोधलंत, काय टाइप केलंत, हे पुढे एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधल्याला वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, जातं.

आमच्या बाजूला लॉगमधली, म्हणजे त्या आपोआप होणाऱ्या नोंदीतली, एक ओळ साधारण अशी असते:

११:४२:०७ / वापरकर्ता आयडी / लॅपटॉपचं नाव / नोकरी डॉट कॉम / वर्ग: जॉब सर्च / अलाउड / ३१२ केबी

यातला "वर्ग" नीट बघा. फिल्टर करणारी सगळी सॉफ्टवेअर साइटना खणात टाकतात: बातम्या, खरेदी, बँकिंग, आरोग्य, जुगार, जॉब सर्च. मॅनेजरला रिपोर्ट जातो तो बहुधा या खणांचाच. त्यामुळे कोणतं पान वाचलंत हे कळलं नाही, तरी जॉब सर्चचा आकडा वाढलेला दिसतो, आणि तेवढं पुरतं.

आता याच ओळींची दुसरी बाजू, जी एचआरला अनेकदा माहीत नसते. लॉगमध्ये ओळ आहे म्हणजे माणूस तिथे बसून होता असं होत नाही. स्कोअरची टॅब सकाळी उघडून विसरलात, तर ती स्वतःच ताजी होत राहते आणि संध्याकाळपर्यंत शेकडो ओळी जमा होतात. बातमीचं एक पान उघडलं की जाहिरातींच्या डझनभर साइटना आपोआप विनंत्या जातात. त्यांची नावं तुम्ही कधी ऐकलेलीही नसतात. उद्या कोणी "तुम्ही दिवसाला तीन तास अमुक साइटवर असता" म्हणालं, तर आकडा कसा काढला ते शांतपणे विचारा. आणि आजपासून काम झाल्यावर टॅब बंद करायची सवय लावा.

एक गोष्ट राहूनच जाते. तुम्ही गेलात त्या साइटलाही तुम्ही कुठून आलात ते दिसतं. ऑफिसातले सगळे बहुधा एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून बाहेर पडतात, आणि तो कंपनीच्या नावावर नोंदलेला असू शकतो. ऑफिसात बसून कंपनीबद्दल कुठे "निनावी" मत लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पहिलं काम: एन्क्रिप्शन मध्येच उघडलं जातंय का ते बघा

वर म्हटलं की पानावरचा मजकूर दिसत नाही. याला एक मोठा अपवाद आहे. लॅपटॉप कंपनीचा असेल तर कंपनी त्यात स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउझर ज्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो असं ओळखपत्र, बसवू शकते. मग प्रॉक्सी, म्हणजे कंपनीचा मध्यस्थ सर्व्हर, मध्ये उभा राहून येणारं-जाणारं उघडतो, तपासतो, परत बंद करून पुढे पाठवतो. व्हायरस आणि डेटा गळती पकडायला हे करतात, आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. तुम्हाला ते माहीत असायला हवं, इतकंच.

तपासायला मिनिटभर पुरतं:

१. क्रोममध्ये नेहमीची एखादी बातम्यांची साइट उघडा. पत्त्याच्या डावीकडे छोटं चिन्ह असतं. पूर्वी कुलूप होतं, आता दोन आडव्या रेघांचं आहे. त्यावर क्लिक करा.

२. "कनेक्शन इज सिक्युअर" वर जा, मग "सर्टिफिकेट इज व्हॅलिड" वर.

३. उघडलेल्या खिडकीत "इश्यूड बाय" खाली कोणाचं नाव आहे ते वाचा.

तिथे डिजीसर्ट, लेट्स एन्क्रिप्ट, गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस असं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव असेल तर ते सर्टिफिकेट साइटचंच. तुमच्या कंपनीचं नाव किंवा झीस्केलर, नेटस्कोप, फोर्टिनेट असल्या नेटवर्क सुरक्षा कंपनीचं नाव असेल, तर मजकूर मध्ये उघडला जातोय. अशा वेळी गूगलवर टाइप केलेला प्रत्येक शोधही लॉगमध्ये जाऊ शकतो.

एकाच साइटवर थांबू नका, बँकेची साइटही तपासून बघा. बँका आणि आरोग्य हे वर्ग बऱ्याच कंपन्या मुद्दाम वगळतात. कर्मचाऱ्याचा नेटबँकिंगचा पासवर्ड आपल्या लॉगमध्ये पडावा असं कोणत्याच शहाण्या आयटीवाल्याला वाटत नाही. पण वगळणं सक्तीचं नाही, म्हणून स्वतः बघितलेलं बरं. खिडकीतलं नाव अनोळखी वाटलं तर घाबरून जाऊ नका. आयटीला तिकीट, म्हणजे मदतीची रीतसर विनंती, टाकून विचारा. प्रश्न रास्त आहे.

दुसरं काम: ब्राउझर कोणाच्या ताब्यात आहे

क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा. यादीच्या तळाशी "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" दिसलं की ब्राउझरवर कंपनीचे नियम लागू आहेत असं समजा. पत्त्याच्या जागी क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि मॅनेजमेंट असं इंग्रजीत सलग टाइप केलंत तर कंपनीला काय काय बघता येतं त्याची यादीच येते, कंपनीने सक्तीने बसवलेल्या एक्स्टेंशनसकट (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम). मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये क्रोमच्या जागी एज लिहा.

मग आपल्याकडून होणारा घोळ, म्हणजे सिंक. ऑफिसच्या ब्राउझरमध्ये स्वतःच्या जीमेलने साइन इन करताना "सिंक चालू करू?" असं विचारलं जातं, आणि आपण सवयीने हो म्हणतो. तिथून घरचे बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, रात्री फोनवर बघितलेल्या पानांचा इतिहास ऑफिसच्या यंत्रावर उतरतो. त्याचा परिणाम कुठे दिसतो? क्लायंटच्या कॉलवर स्क्रीन शेअर केलेली असते, तुम्ही पत्त्याच्या जागी "एम" टाइप करता, आणि खाली पहिली सूचना येते मॅट्रिमोनी साइटची. हेरगिरी कोणीच केलेली नसते. ब्राउझर मदत करत असतो.

जीमेल बघायलाच हवं असेल तर एका टॅबमध्ये लॉग इन करा, सिंकला नाही म्हणा, पासवर्ड साठवू देऊ नका आणि उठताना लॉग आउट करा. आधीच सिंक झालं असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधून ते बंद करा. मग गूगल खात्याच्या "सिक्युरिटी" भागात "युअर डिव्हायसेस" मधून तो लॅपटॉप काढून टाका.

सरकारी कार्यालयात, बँकेच्या शाखेत, कॉलेजच्या ऑफिसात एकाच संगणकावर चार जण बसतात. तिथे कंपनीच्या देखरेखीपेक्षा शेजारच्या खुर्चीचा धोका मोठा. लॉग आउट केल्याशिवाय चहाला जायचं नाही.

इनकॉग्निटोबद्दल थोडक्यात

इनकॉग्निटो त्या यंत्रावर इतिहास आणि कुकी ठेवत नाही, बास. नेटवर्कवर जे दिसतं ते तसंच दिसतं. नवी इनकॉग्निटो खिडकी उघडल्यावर जो इशारा येतो, तो आपण कधी वाचत नाही. तुमच्या हालचाली नोकरी देणाऱ्याला दिसू शकतात, असं त्यातच लिहिलेलं आहे. याच गैरसमजावरून २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला झाला. २०२४ मधल्या तडजोडीत जुना डेटा नष्ट करायला आणि इशाऱ्याची भाषा स्पष्ट करायला कंपनीने मान्यता दिली.

हे मात्र करू नका

ब्लॉक झालेली साइट उघडण्यासाठी फुकटचं व्हीपीएन (तुमचं येणं-जाणं दुसऱ्या सर्व्हरमार्गे झाकून नेणारी सोय) एक्स्टेंशन टाकणं, टॉर हा ओळख लपवणारा ब्राउझर चालवणं, मित्राने दिलेला "प्रॉक्सी" वापरणं. साधी शॉपिंगची साइट बघितलीत तर लॉगमधली एक ओळ वाढते, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. व्हीपीएन टाकलंत की सुरक्षा टीमकडे अलर्ट वाजतो, तुमच्या नावासकट. लपायला म्हणून केलेली गोष्टच सगळ्यात ठळक दिसते. वर यातली काही फुकट एक्स्टेंशन तुमचं ब्राउझिंग आणखी कोणाला विकतात ते वेगळंच.

ऑफिसची फाइल स्वतःच्या जीमेलवर किंवा ड्राइव्हवर टाकणं हाही याच जातीचा प्रकार. "घरी जाऊन पूर्ण करतो" असा सद्हेतू असला, तरी डेटा गळती पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला हेतू कळत नाही. एआयच्या चॅटबॉटमध्ये ऑफिसचा मजकूर चिकटवणंही त्यातलंच. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने तर जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या यंत्रांवर अशी टूल वापरू नका असं लेखी कळवलं होतं.

चॅट आणि व्हॉट्सअ‍ॅप

टीम्स किंवा स्लॅकवर मैत्रिणीला पाठवलेला डायरेक्ट मेसेज खासगी वाटतो. पण खातं कंपनीचं आहे. कंपनीचा प्लॅन आणि तिने ठेवलेले नियम यांनुसार ते मेसेज काढता येतात, आणि तुम्ही डिलीट केलेलेही कधी कधी जपलेले असतात. बॉसची नक्कल चहाच्या टपरीवर करा.

व्हॉट्सअ‍ॅप वेबचं एन्क्रिप्शन वाटेपुरतं. तुमच्या स्क्रीनवर मेसेज उघडाच असतो, आणि लॅपटॉपवर स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर असेल तर तो टिपला जातो. फोनमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून बघा. जुन्या ऑफिसचा संगणक अजून जोडलेला निघाला तर तिथूनच लॉग आउट करता येतं.

स्वतःच्या फोनवर ऑफिसचं मेल घेण्याआधी

अँड्रॉइडवर "वर्क प्रोफाइल" बनत असेल तर चांगली गोष्ट. ऑफिसच्या अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह येतं, तो कप्पा वेगळा राहतो, आणि तुमचे फोटो, तुमची अ‍ॅप, तुमचे मेसेज कंपनीला दिसत नाहीत. नोकरी सोडल्यावर कंपनी तेवढा कप्पा पुसते. सुट्टीच्या दिवशी तो बंदही करून ठेवता येतो.

जोडताना परवानग्यांची यादी आली आणि त्यात "इरेज ऑल डेटा" असेल, तर तिथेच थांबा. याचा अर्थ पूर्ण फोन दुरून पुसायचा अधिकार तुम्ही देताय, बारशाच्या फोटोंसकट. आयफोनवर सेटिंग्जमध्ये जनरल, मग "व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट" उघडा. तिथे प्रोफाइल असेल तर ते काय काय करू शकतं ते वाचा. पटलं नाही तर कंपनीकडे वेगळा फोन मागा, किंवा मेल फक्त लॅपटॉपवर बघतो म्हणून सांगा. नव्या माणसाला हे सांगायला जड जातं, पण यात उद्धटपणा काही नाही.

घरून काम करताना

ऑफिसचं व्हीपीएन जोडलेलं असताना लॅपटॉपवरचं सगळंच कंपनीमार्गे जातं, की फक्त ऑफिसच्या साइट जातात, हे कंपनीच्या मांडणीवर अवलंबून असतं. सगळंच जात असेल, तर घरच्या वायफायवर बसून लावलेलं गाणंही ऑफिसच्या लॉगमध्ये उमटतं. लॅपटॉपच्या व्हीपीएनमधून तुमच्या घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही मात्र दिसत नाहीत, तेवढं निश्चिंत राहा.

कायदा कुणाच्या बाजूने

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. पण तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरता येतो. खासगी कंपनीपुरता विचार केला तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघावा लागतो. त्याचं कलम ७ म्हणतं की नोकरीच्या कामासाठी, आणि कंपनीचं नुकसान, हेरगिरी वा गुपितं फुटणं टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती वेगळी संमती न घेताही वापरता येते. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या सिस्टीमचे लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. "आमचे लॉग लगेच पुसा" म्हणायची सोयच नाही.

म्हणजे पारडं कंपनीकडे झुकलेलं आहे. तुमच्या हातात आहे ते एवढंच: एचआरकडून संगणक वापराची पॉलिसी लेखी मागून घ्या आणि त्यातले "मॉनिटर", "पर्सनल यूज" हे शब्द शोधून तेवढे परिच्छेद तरी वाचा. युरोपात गेलेल्यांची स्थिती जरा बरी आहे. बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया या खटल्यात सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. त्याचे मेसेज कंपनीने वाचले होते आणि देखरेखीचं स्वरूप आधी नीट कळवलं नव्हतं. न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून अशा देखरेखीची लेखी पूर्वसूचना देणं मालकांना बंधनकारक आहे.

कंपनीविरुद्धच तक्रार करायची असेल, वकिलाशी बोलायचं असेल, लैंगिक छळाच्या प्रकरणात कागद जमवायचे असतील, तर ऑफिसचं यंत्र अजिबात वापरू नका. अमेरिकेत स्टेंगार्ट विरुद्ध लव्हिंग केअर खटल्यात नेमकं हेच झालं. वकिलाला मेल खासगी याहू खात्यातून गेले होते, पण लॅपटॉप कंपनीचा होता, ब्राउझरने पानांच्या प्रती डिस्कवर साठवल्या होत्या, आणि नोकरी सोडल्यावर कंपनीने त्या डिस्कमधून काढल्या. २०१० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मेल गोपनीयच आहेत असं ठरवलं खरं, पण त्यासाठी तिथपर्यंत लढावं लागलं. असल्या कामाला स्वतःचा फोन आणि स्वतःचा मोबाइल डेटा.

नोकरी सोडताना

हे राजीनामा टाकायच्या आधी करा, कारण काही ठिकाणी राजीनामा दिल्याच्या दिवशीच लॅपटॉप काढून घेतात.

डाउनलोड्स फोल्डर उघडा. गृहकर्जाच्या वेळी उतरवलेलं आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, मुलाच्या शाळेचा फॉर्म, सगळं तिथेच पडलेलं असतं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष हाच तो पासवर्ड, आणि या दोन्ही गोष्टी एचआरच्या फाइलमध्ये आहेत. स्वतःचे एवढे कागद काढा, रिसायकल बिनही रिकामी करा.

पण पूर्ण लॅपटॉप फॉर्मॅट करून देऊ नका. कामाच्या फाइल कंपनीच्या मालकीच्या आहेत. परवानगीशिवाय त्या नष्ट केल्यात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ लागू शकतं, आणि आधीच वाद चालू असेल तर पुरावा नष्ट केला असाही अर्थ काढला जातो.

मग ऑफिसचा मेल आयडी कुठे कुठे दिलाय ते आठवा: पीएफचं यूएएन खातं, इन्कम टॅक्स पोर्टल, डीमॅट, विमा, लिंक्डइन. सगळीकडे स्वतःचा मेल टाका. आयडी बंद झाल्यावर ओटीपी त्या मेलवर जात राहतो आणि आपण जुन्या एचआरला फोन लावत बसतो. सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ कंपनीच्या पोर्टलवर असतील तर कंपनीची हरकत नसेल त्या रीतीने आधीच उतरवून घ्या.

लॅपटॉप हातात देताना सीरियल नंबर आणि तारीख लिहिलेली पोचपावती घ्या आणि तिचा फोटो स्वतःच्या फोनवर काढा. चार्जरचाही उल्लेख करून घ्या. फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सुटतानाच्या शेवटच्या हिशेबात, पैसे कापले जातात ते त्याचेच.